फोर्ट्रानच्या मॅन्युअलमधले ‘सिग्नल’चे पान पूर्ण करायला हवे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

पावसाळा तोंडावर आला की पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या महासंगणकांच्या बातम्या वृत्तपत्रांत येऊ लागतात आणि आम्ही पुणेकर त्या आवडीने वाचतो. २०१८ मधला ‘प्रत्युष’ असो किंवा सप्टेंबर २०२४ मध्ये राष्ट्राला अर्पण झालेला ११.७७ पेटाफ्लॉप्सचा ‘अर्का’ असो, यंत्राचा वेग किती, त्यावर खर्च किती झाला आणि अंदाज किती अचूक होणार हे त्या बातम्यांत असते. त्या यंत्रावर प्रत्यक्षात जे चालते ते बहुतांशी फोर्ट्रान या भाषेत लिहिलेले असते, हे मात्र क्वचितच वाचायला मिळते. हवामानासाठी जगभर वापरली जाणारी डब्ल्यूआरएफ ही प्रणाली फोर्ट्रानमध्ये आहे, आणि मोसमी पावसाच्या हंगामी अंदाजासाठी आपल्याकडे वापरलेल्या सीएफएस प्रणालीचा गाभाही फोर्ट्रानमध्येच आहे. या भाषेच्या कंपायलरांबरोबर, म्हणजे लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या साधनांबरोबर, जी माहितीपुस्तिका मिळते, जिला आम्ही सगळे ‘मॅन्युअल’ म्हणतो, तिच्यातल्या ‘सिग्नल’च्या पानाविषयी मला लिहायचे आहे. विषय वृत्तपत्रासाठी फार बारीक वाटण्याची शक्यता आहे. पण या पानाच्या अपुरेपणामुळे संशोधकांचे दिवसच्या दिवस वाया जातात, आणि ते पान सुधारणे पुण्यातल्या लोकांच्या हातात आहे, म्हणून हे पत्र आपल्याकडे पाठवत आहे.

मी फोर्ट्रान शिकले ती १९८० च्या सुमारास, ८० रकान्यांच्या कार्डांवर. मजकूर ७ ते ७२ या रकान्यांतच लिहायचा असे, आणि एक कार्ड इकडचे तिकडे झाले तर सगळा गठ्ठा परत येई. पुढे ३० वर्षांहून अधिक काळ मी ही भाषा शिकवली. निवृत्तीनंतरही पीएच.डी. करणारे विद्यार्थी अडचण घेऊन घरी येतात. आयबीएममध्ये जॉन बॅकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५७ मध्ये या भाषेचा पहिला कंपायलर बाहेर काढला, म्हणजे भाषा आता सत्तरीला आली आहे. ती जुनी झाली म्हणून टाकून द्यावी असे म्हणणाऱ्यांशी माझे कधीच पटले नाही, कारण १९९०, २००३, २००८, २०१८ आणि २०२३ अशी तिची प्रमाणके येत राहिली आहेत आणि ती खरोखर आधुनिक झाली आहे. भाषा सुधारत गेली, पण तिच्या आजूबाजूची काही पाने जुन्या काळात लिहिली गेली ती तशीच राहिली. सिग्नलचे पान हे त्यांतले एक.

सिग्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमने चालू प्रोग्रॅमला पाठवलेला निरोप. प्रत्येक निरोपाला क्रमांक असतो. लिनक्सवर १५ क्रमांकाचा निरोप म्हणजे ‘आवरते घे’. ९ म्हणजे निरोपसुद्धा नाही, प्रोग्रॅम जागच्या जागी संपवला जातो आणि त्याला काही करण्याची मुभा नसते. ११ म्हणजे आपल्या मालकीच्या नसलेल्या मेमरीला हात लावला, तर ८ म्हणजे अंकगणितात गडबड झाली. सामायिक संगणकावर काम करणाऱ्यांसाठी यातला १५ क्रमांक सर्वांत महत्त्वाचा असतो. तिथे प्रत्येकाला रांगेत थांबून ठरावीक तास मिळतात. रांग सांभाळण्यासाठी अनेक ठिकाणी स्लर्म नावाची प्रणाली असते, आणि मुदत संपली की ती आधी १५ पाठवते, मग, मूळ मांडणी कोणी बदललेली नसेल तर, ३० सेकंद थांबते आणि त्यानंतर ९ पाठवते. मधल्या ३० सेकंदांत प्रोग्रॅमने आपली सद्यःस्थिती डिस्कवर उतरवून ठेवली, म्हणजे ज्याला आम्ही ‘रीस्टार्ट फाइल’ म्हणतो ती लिहिली, तर पुढच्या वेळी काम तिथून पुढे सुरू होते. नाही लिहिली तर आधीचे सगळे तास पाण्यात.

गेल्या वर्षी एक विद्यार्थिनी याच कामासाठी आली होती. तिचे गणित २४ तासांच्या रांगेत चालायचे. १५ क्रमांकाचा सिग्नल आला की चालवायचे एक छोटे सबरूटीन (प्रोग्रॅमचा नावाने बोलावता येणारा तुकडा), म्हणजे हँडलर, तिने मॅन्युअल समोर ठेवून लिहिले होते. मॅन्युअलमध्ये एवढेच होते की सिग्नल आल्यावर तुमचे सबरूटीन एका इंटिजर आर्ग्युमेंटसह, म्हणजे सोबत एक पूर्णांक देऊन, बोलावले जाईल. तिने तसे सबरूटीन लिहिले, त्यात तो इंटिजर वाचला, ‘सिग्नल इतका आला’ अशी एक ओळ छापली आणि पुढे रीस्टार्ट फाइल लिहिली. चार फोर्ट्रान जाणकारांना दाखवले असते तरी चौघांनी बरोबर म्हणून मान डोलावली असती. प्रत्यक्षात फाइल कधी लिहिलीच गेली नाही. लॉगमध्ये शेवटी ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ आणि सिग्नल ११.

“मॅडम, कुठेतरी अॅरेची हद्द ओलांडली जातेय,” असे तिचे म्हणणे होते (अॅरे म्हणजे मेमरीत ओळीने ठेवलेल्या किमतींची यादी), आणि ११ पाहिल्यावर कोणीही तेच म्हणेल. तिने हद्दतपासणी चालू करून प्रोग्रॅम पुन्हा कंपाइल केला, तो आणखी सावकाश चालला आणि पुन्हा तसाच पडला. आठवडा त्यात गेला. शेवटी आम्ही दोघी तिचे चारही लॉग जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवून बसलो, तेव्हा लक्षात आले की चारही वेळा प्रोग्रॅम २४ तास पूर्ण होतानाच पडला होता. अॅरेची चूक घड्याळ पाहून होत नाही. मग तिच्या लॅपटॉपवर दहा ओळींचा प्रोग्रॅम लिहिला, ज्यात फक्त तो हँडलर आणि एक रिकामा लूप होता, आणि दुसऱ्या खिडकीतून त्याला १५ पाठवला. तत्क्षणी ११.

कारण असे. फोर्ट्रानमध्ये सबरूटीनला आर्ग्युमेंट देताना साधारणपणे त्याचा मेमरीतला पत्ता दिला जातो, आणि सबरूटीन त्या पत्त्यावर जाऊन किंमत वाचते. ऑपरेटिंग सिस्टीम मात्र सी या भाषेच्या रिवाजाने वागते. ती हँडलरच्या हातात पत्ता न देता थेट १५ हा आकडा ठेवते. हँडलर फोर्ट्रानच्या सवयीने तो आकडाच पत्ता समजतो. कोणी हातावर पंधरा रुपये ठेवावेत आणि घेणाऱ्याने ‘१५, सदाशिव पेठ’ असे समजून दार शोधायला निघावे, तसा हा प्रकार आहे. मेमरीतले अगदी सुरुवातीचे पत्ते लिनक्स मुद्दाम कोणालाच देत नाही, त्यामुळे तिथे वाचायला गेले की ११ ठरलेला. उपाय एका ओळीचा आहे. सबरूटीनला ‘बाइंड सी’ लावायचे, म्हणजे ते सीच्या रिवाजाने वागते, आणि आर्ग्युमेंट सीच्या इंटिजरच्या प्रकाराचे ठेवून त्याला ‘व्हॅल्यू’ हा गुण द्यायचा. ही सोय फोर्ट्रान २००३ पासून भाषेतच आहे. जो हँडलर आपले आर्ग्युमेंट वाचतच नाही त्याला हा अपघात होत नाही, आणि म्हणूनच असे कितीतरी प्रोग्रॅम वर्षानुवर्षे निव्वळ नशिबाने चालत असतात.

माझे गाऱ्हाणे कोणा एका कंपायलरविरुद्ध नाही, कारण हा त्रुटींचा नमुना अनेक ठिकाणी दिसतो. सिग्नल हा विषय मुळात फोर्ट्रानच्या प्रमाणकात नाही. ‘सिग्नल’ नावाचे जे सबरूटीन मिळते ती त्या त्या कंपायलरने आपल्या बाजूने जोडलेली सोय आहे. जीफोर्ट्रान या कंपायलरमध्ये त्याला क्रमांक आणि हँडलर अशी दोन आर्ग्युमेंटे आणि वाटल्यास तिसरे परतीचे द्यायचे असते, तर इंटेलच्या कंपायलरमध्ये त्याच नावाला तिसरे आर्ग्युमेंट हे हँडलर बोलवायचा की सिग्नलकडे दुर्लक्ष करायचे हे सांगणारे असते. नाव एक आणि रिवाज दोन. अशा वेळी प्रमाणकाचा आधार नसल्यामुळे मॅन्युअल हाच वाचकाचा एकमेव आधार असतो, आणि तिथला एखादा शब्द गाळणे हे प्रमाणकातला शब्द गाळण्याइतकेच महाग पडते. जीफोर्ट्रानच्या सध्याच्या मॅन्युअलमध्ये आर्ग्युमेंट थेट किमतीने दिले जाते असे स्पष्ट लिहिलेले आहे. दोनतीन शब्दांचीच ही भर, पण ती आमच्या विद्यार्थिनीसमोर असती तर तिचा आठवडा वाचला असता.

आर्ग्युमेंटची अडचण सुटल्यावरही काम संपले नाही, आणि पुढची अडचण जास्त घातक आहे. दुरुस्त केलेला प्रोग्रॅम तीन वेळा व्यवस्थित थांबला आणि चौथ्यांदा गोठला. मुख्य प्रोग्रॅम लॉग फाइलमध्ये ओळ लिहीत असतानाच नेमका सिग्नल आला होता. फोर्ट्रानची लिहिण्यावाचण्याची लायब्ररी एखाद्या फाइलवर काम करत असताना तिला आतून कुलूप लावते. हँडलरनेही त्याच फाइलमध्ये लिहायला घेतले, कुलूप उघडण्याची वाट पाहत तो उभा राहिला, आणि कुलूप उघडणारा मुख्य प्रोग्रॅम तर हँडलर संपण्याची वाट पाहत थांबलेला. ३० सेकंदांनी ९ आला आणि फाइल अर्धवट राहिली. सिग्नल कोणत्या ओळीवर येईल हे कोणाच्याच हातात नसते, त्यामुळे ही चूक चाचणीत सापडत नाही, ती ऐन कामाच्या रात्री सापडते. हँडलरच्या आत कोणती फंक्शने वापरणे सुरक्षित आहे याची यादी युनिक्ससारख्या ऑपरेटिंग सिस्टीमसाठीच्या पॉझिक्स प्रमाणकात दिलेली आहे, आणि त्या यादीत साधे मेमरी मागण्याचे फंक्शनसुद्धा नाही. फोर्ट्रानचे ‘प्रिंट’, ‘राइट’, ‘ओपन’, ‘अॅलोकेट’ यांतले काहीही हँडलरमध्ये वापरू नये, हे वाक्य सिग्नलच्या पानावर ठळक अक्षरांत असायला हवे. त्याऐवजी उदाहरण म्हणून पुष्कळदा दिसतो तो नेमका ‘प्रिंट’ करणारा हँडलर. शिकणारा माणूस नियमाआधी उदाहरण उतरवून घेतो. हे मी वर्गात इतकी वर्षे पाहिले आहे की उदाहरणात चुकीची सवय दाखवणे मला नियम न लिहिण्यापेक्षाही वाईट वाटते.

योग्य रीत साधी आहे. हँडलरने फक्त एका मोड्यूलमधल्या, म्हणजे मुख्य प्रोग्रॅमलाही दिसणाऱ्या सामायिक भागातल्या, इंटिजरमध्ये १ ठेवावा आणि परत फिरावे. त्या इंटिजरला ‘व्होलाटाइल’ हा गुण द्यावा, नाहीतर कंपायलर वेग वाढवण्याच्या भरात त्याची जुनी किंमत प्रोसेसरच्या रजिस्टरमध्ये धरून बसण्याची शक्यता असते, आणि मग चाचणीच्या वेळी चालणारा प्रोग्रॅम ऑप्टिमायझेशन चालू केल्यावर सिग्नलकडे पाहतच नाही. मुख्य प्रोग्रॅमने प्रत्येक कालपायरी संपली की तो इंटिजर तपासावा, आणि १ दिसला तर सावकाशीने, नेहमीच्या फोर्ट्रानमध्ये, रीस्टार्ट फाइल लिहून थांबावे. एक पायरी आणि फाइल लिहिणे मिळून ३० सेकंदांत बसत नसेल तर स्लर्मला मुदतीच्या काही मिनिटे आधी सिग्नल पाठवायला सांगता येते. एमपीआयने, म्हणजे प्रक्रियांमध्ये माहितीची देवाणघेवाण करणाऱ्या प्रणालीने, शेकडो प्रक्रिया एकत्र चालत असतील तर आणखी एक काळजी घ्यावी लागते. थांबायचे हे सगळ्यांनी मिळून एकाच पायरीवर ठरवले पाहिजे, कारण एक प्रक्रिया लूपमधून बाहेर पडली आणि बाकीच्या तिच्या उत्तराची वाट पाहत राहिल्या तर सगळेच अडकतात.

शब्दांचा एक गोंधळही या पानावर मिटवण्यासारखा आहे. फोर्ट्रान प्रमाणकात ‘सिग्नलिंग’ हा शब्द वेगळ्याच अर्थाने येतो. शून्याने भागणे किंवा संख्या मर्यादेबाहेर जाणे अशा घटनांसाठी प्रोसेसरमध्ये झेंडे असतात, आणि उभारलेल्या झेंड्याला प्रमाणक ‘सिग्नलिंग’ म्हणते. ‘स्टॉप’ या आज्ञेने प्रोग्रॅम संपताना जीफोर्ट्रान अशा उभ्या राहिलेल्या झेंड्यांची सूचना पडद्यावर दाखवते. ती वाचून ‘माझ्या प्रोग्रॅमला सिग्नल आला, पण हँडलर का चालला नाही’ असे विचारणारे विद्यार्थी दर सत्रात भेटतात. खरे तर काहीच निरोप आलेला नसतो, फक्त झेंडा उभा असतो. तो उभा राहताच प्रोग्रॅमला ८ क्रमांकाचा सिग्नल मिळावा असे वाटत असेल तर कंपाइल करताना तसे वेगळे सांगावे लागते. आणि तो मिळाल्यावर हँडलरमधून नुसते परत येऊन चालत नाही, कारण प्रोग्रॅम त्याच चुकलेल्या सूचनेवर परत जातो, ती पुन्हा चुकते आणि हे चक्र थांबत नाही. ‘झेंडा आणि निरोप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत’ हे चार ओळींत सांगितले तर कितीतरी ईमेल वाचतील.

क्रमांकांचेही तसेच. लिनक्सवरच्या नेहमीच्या संगणकांत १० क्रमांक म्हणजे वापरणाऱ्याने स्वतःच्या कामासाठी ठेवलेला पहिला सिग्नल. मॅकवर मात्र १० म्हणजे मेमरीची चूक, आणि वापरणाऱ्याचा पहिला सिग्नल तिथे ३० क्रमांकाचा असतो. आजचे निम्मे विद्यार्थी मॅकवर प्रोग्रॅम लिहून लिनक्सच्या महासंगणकावर नेतात. तेव्हा उदाहरणात कोरडा आकडा देण्याऐवजी तो आकडा, अशी नावे आणि आकडे जिथे नोंदवलेले असतात त्या सीच्या हेडर फाइलमधून, नावाने कसा आणायचा हे दाखवायला हवे. चार ओळींची सीची फाइल सोबत ठेवावी आणि फोर्ट्रानला सीशी जोडणाऱ्या आयएसओ सी बाइंडिंगच्या मोड्यूलमधून तिला बोलवावे, असे माझे मत आहे. ही रीत सगळ्या कंपायलरांवर सारखी चालते आणि ‘सिग्नल’ या सबरूटीनच्या दोन रिवाजांचा प्रश्नच उरत नाही. मॅन्युअल लिहिणाऱ्यांनी आपल्याच जोडीव सोयीपेक्षा प्रमाणकातली वाट चांगली आहे असे लिहावे, ही अपेक्षा मला अवाजवी वाटत नाही.

आता पुण्याने यात का पडावे ते सांगते. १९८८ मध्ये महासंगणक बनवणाऱ्या सी-डॅकची स्थापना या शहरात झाली आणि १९९१ मध्ये ‘परम ८०००’ इथेच उभा राहिला. आज ‘अर्का’ पाषाणला आहे, आयसर या विज्ञानसंस्थेत ‘परम ब्रह्म’ आहे, आणि महाकाय मीटर तरंगलांबी रेडिओ दुर्बिणीच्या केंद्राला २०२४ मध्ये ‘परम रुद्र’ मिळाला. फोर्ट्रान रोज वापरणारी इतकी माणसे एका शहरात असणे ही देशात दुर्मीळ गोष्ट आहे. जीफोर्ट्रान हा कंपायलर मुक्त आहे, तो बराचसा स्वयंसेवकांच्या श्रमावर चालतो, आणि त्याचे मॅन्युअलही मुक्त आहे. ते टेक्सइन्फो नावाच्या साध्या मजकुराच्या स्वरूपात प्रोग्रॅमच्या मूळ फाइलींबरोबरच ठेवलेले असते. पानात चूक दिसली तर कोणालाही तक्रार नोंदवता येते आणि दुरुस्त केलेला मजकूर पाठवता येतो. पूर्वी त्यासाठी हक्क लिहून देण्याचे कागदपत्र सक्तीचे होते, ती सक्ती २०२१ मध्ये उठली. म्हणजे हे काम करायला महासंगणक लागत नाही, अनुदान लागत नाही, कंपायलरचे पोट फाडून पाहावे लागत नाही. ज्याने ठेच खाल्ली त्याने तो दगड कुठे आहे ते नीट लिहून पाठवायचे असते.

हे होत नाही, कारण आपल्याकडे असे लिहिणे कामात धरले जात नाही. विद्यार्थ्याने नवा प्रोग्रॅम लिहिला तर प्रकल्प होतो. मॅन्युअलचे एक पान बिनचूक केले, त्यातले प्रत्येक उदाहरण तीन कंपायलरांवर आणि दोन ऑपरेटिंग सिस्टीमवर चालवून पाहिले, तर त्याला गुण कोणत्या रकान्यात द्यायचे हे मार्गदर्शकालाच कळत नाही. माझी विनंती शहरातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांना, विद्यापीठाच्या विभागांना आणि संशोधन संस्थांना आहे की एका सत्राचा प्रकल्प म्हणून असे एक पान द्यावे आणि ते स्वीकारले गेले की पूर्ण गुण द्यावेत. जिथे महासंगणक आहे तिथल्या वापरकर्त्यांच्या मदतपुस्तिकेत सिग्नलचा, रांगेच्या मुदतीचा आणि रीस्टार्ट फाइलचा एक चालणारा नमुना असावा, आणि त्याखाली मराठीत दोन परिच्छेद असावेत. जिल्ह्याच्या ठिकाणाहून आलेली मुले तोंडाने ‘पास बाय व्हॅल्यू’ पाठ म्हणतात, पण ‘पत्ता दिला की किंमत दिली’ असे मराठीत विचारले की त्यांचा चेहरा उजळतो, हे मी फळ्यासमोर उभी राहून अनेकदा पाहिले आहे.

त्या विद्यार्थिनीने आपल्या दहा ओळींचा प्रोग्रॅम, तो कुठे पडतो त्याचा लॉग आणि दुरुस्त केलेला हँडलर असे तीन तुकडे आपल्या प्रयोगशाळेतल्या सर्वांसाठी एका फाइलीत ठेवले आहेत. त्यातला मजकूर मॅन्युअलच्या पानात बसेल असा लिहून काढण्याचे काम आम्ही दर रविवारी सकाळी करतो. हँडलरमध्ये काय करू नये हा परिच्छेद लिहून झाला आहे, एमपीआयचा अजून व्हायचा आहे. ज्यांनी महासंगणकावर असा प्रसंग अनुभवला आहे त्यांनी आपापले दहा ओळींचे प्रोग्रॅम असेच जपून ठेवावेत आणि आपण वापरता त्या कंपायलरच्या तक्रारपेटीत टाकावेत.

कळावे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्राध्यापिका
औंध, पुणे